पुढचा भाग सुरू होण्याआधी

माझ्या ताईचा एक नियम आहे. कुठल्याही मालिकेचा भाग संपत आला की ती रिमोट हातात घेऊन बसते. शेवटचं दृश्य संपून नावं सरकायला लागली की पडद्याच्या कोपऱ्यात ती छोटी चौकट उगवते, पुढचा भाग इतक्या सेकंदांत सुरू होईल म्हणून उलटे आकडे मोजणारी. ताई ते आकडे शून्यावर येऊ देत नाही. टीव्ही बंद करते, थोडा वेळ तशीच बसते आणि मग मला फोन लावते. "बघितलास?" एवढंच विचारते.

आम्ही दोघं भावंडं कित्येक वर्षं वेगवेगळ्या शहरांत राहतो. तब्येत, नोकरी, मुलं हे सगळं विचारून होतं, पण ते दोन मिनिटांत. खरं बोलणं सुरू होतं ते कुठल्यातरी मालिकेवरून. तिचा जीव विनोदी मालिकांवर, माझा गंभीर मालिकांवर. त्यामुळे प्रत्येक भागावर आमचे दोन पक्ष ठरलेलेच असतात.

मार्च २०२५ मध्ये 'अ‍ॅडोलसन्स' आली. चारच भाग, आणि चारही एकाच दिवशी हजर. मी एका रात्रीत सगळे बघून काढले. ताईने चार रात्री घेतल्या, रोज एक. पाचव्या दिवशी फोन झाला तेव्हा माझ्याजवळ सांगायला एकच वाक्य होतं, फार भयंकर आहे म्हणून. ती मात्र नुसत्या तिसऱ्या भागावर पाऊण तास बोलली. त्या मुलाने कप कधी उडवला, ती बाई बाहेर जाऊन किती वेळ उभी राहिली, परत आत येताना तिचा चेहरा कसा होता. मला यातलं निम्मं आठवत नव्हतं. बघितलं होतं, पण त्यावर लगेच चौथा भाग येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी तो तिसरा भाग एकटाच पुन्हा बघितला आणि त्यानंतर टीव्ही बंद केला. तेव्हापासून मालिका चांगली की वाईट हा प्रश्न मला फारसा पडत नाही. हा एक भाग स्वतःच्या पायावर उभा आहे का, एवढंच मी बघतो. या लेखात जे काही म्हणणार आहे ते याच नजरेने. (ज्यांना या मालिका बघायच्या आहेत त्यांनी आधी बघून घ्याव्यात. पुढे बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत.)

तर तो तिसरा भाग. तेरा वर्षांच्या जेमीवर शाळेतल्या एका मुलीच्या खुनाचा आरोप आहे. अटकेला सात महिने झालेत. एक मानसशास्त्रज्ञ, ब्रायनी, त्याच्याशी बोलायला आली आहे. एक खोली, एक टेबल, दोन माणसं. चारही भागांसारखा हाही भाग एका सलग चित्रणात घेतलेला आहे, कुठेही कापलेला नाही. दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी आणि छायाचित्रकार मॅथ्यू लुईस यांनी प्रत्येक भागाची आधी कसून तालीम केली आणि मग अख्खा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हापुन्हा चित्रित केला. जेमीचं काम करणाऱ्या ओवेन कूपरची ही पडद्यावरची पहिलीच भूमिका, आणि चित्रीकरण याच तिसऱ्या भागापासून सुरू झालं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर त्याचं पहिलं काम हे.

ब्रायनी त्याच्यासाठी गरम चॉकलेट घेऊन येते आणि अर्धं सँडविच. ती त्याच्याशी मऊ बोलते, तोही लाडात येतो, थट्टा करतो. एका क्षणी तो जांभई देतो आणि ती विचारते, मी कंटाळा आणतेय का तुला? ती जांभई संहितेत नव्हती. मुलाला खरंच आली, आणि ब्रायनीचं काम करणाऱ्या एरिन डोहर्टीने तिथल्या तिथे ती उचलून घेतली. चित्रण कापता येत नसलं की असं होतं. आलेलं सगळं आपलं म्हणून सांभाळावं लागतं.

मग तो अचानक उसळतो, उभा राहून ओरडतो. ब्रायनी बसून राहते. पहारेकऱ्याला हाताने थांबवते आणि दुसरं चॉकलेट आणते म्हणून बाहेर जाते. एरवीच्या मालिकेत इथे काप येईल. पुढच्या क्षणी ती नवा कप घेऊन खोलीत असेल. इथे कॅमेरा तिच्यामागून मार्गिकेत जातो. ती चालते, थांबते, श्वास सावरते. परत आत जाण्याआधी एक माणूस स्वतःला गोळा करताना आपण बघतो, आणि त्याला जितका वेळ लागतो तितका आपल्यालाही लागतो. ताई ज्यावर पाऊण तास बोलत होती ते हेच. "तिला परत आत जायचं नव्हतं रे," ती म्हणाली, "तरी गेली."

शेवटी त्याला ओढत नेतात. खोलीत ती एकटी उरते, सामान आवरते, त्या सँडविचला हात लावते आणि हात झटकन मागे घेते. भाग इथे संपतो. यानंतर लगेच दुसरं काही बघायला लावणं हा त्या हाताचा अपमान आहे असं मला आता वाटतं.

ताईचा पक्ष विनोदाचा, त्यामुळे तिने दोन आठवड्यांत उत्तर पाठवलं. त्याच मार्चमध्ये 'द स्टुडिओ' सुरू झाली होती. सेथ रोगन एका चित्रपट कंपनीचा प्रमुख झालाय, त्याला चांगले सिनेमे काढायचेत आणि त्याच्या हातून सगळं बिघडतं. दुसरा भाग असा की एका चित्रपटाचं सलग, न कापता घ्यायचं एक दृश्य सूर्यास्ताच्या उजेडात चाललंय. उजेड थोडाच वेळ टिकणार. हा प्रमुख कौतुकापोटी तिथे पोचतो, आणि त्याच्या नुसत्या असण्याने ते दृश्य पुन्हापुन्हा फसतं. गंमत अशी की हा अख्खा भागही आपल्याला सलग एकाच दृश्यासारखा दिसतो. दिग्दर्शिकेच्या भूमिकेत सारा पॉली ही खरी दिग्दर्शिकाच आहे. तिच्या चेहऱ्यावरचा संयम कसा मिनिटामिनिटाने झिजत जातो ते बघत राहावं असं आहे.

एकच युक्ती, एकच महिना, आणि परिणाम दोन टोकांचे. एका भागात कॅमेरा कापला जात नाही म्हणून आपला श्वास अडकतो, दुसऱ्यात कापला जात नाही म्हणून हसू आवरत नाही. ताईचं म्हणणं असं की विनोदाचं काम जास्त अवघड. गंभीर दृश्यात एखादा क्षण लांबला तर तो आणखी गंभीर होतो. विनोदात अर्धा सेकंद इकडचा तिकडे झाला तर हशा गेलाच. मी हे बरीच वर्षं मान्य केलं नव्हतं. तो दुसरा भाग बघून केलं.

खरं तर वेळ न कापता दाखवायची ही युक्ती जुनी आहे. २३ मे १९९१ रोजी 'साइनफेल्ड' या अमेरिकी विनोदी मालिकेचा एक भाग दाखवला गेला, त्यात तीन मित्र हॉटेलात टेबल मिळायची वाट बघत उभे आहेत. एवढंच. जेवढा वेळ ते थांबतात तेवढाच भाग. वाहिनीच्या लोकांना तो अजिबात पसंत नव्हता, यात घडतं काय असा त्यांचा सवाल होता. घडतं असं की एकाला फोन करायचाय आणि फोन दुसऱ्याने अडवलाय, एकीला भूक सहन होत नाहीये, आणि 'पाच मिनिटं' हे उत्तर दर वेळी नव्याने मिळतंय. शेवटी ते कंटाळून बाहेर पडतात, आणि त्यांची पाठ फिरताच त्यांचं नाव पुकारलं जातं. ज्यांना त्यात काही घडत नाही असं वाटलं त्यांनी बहुधा ताटकळणं हीच घटना असू शकते हे लक्षात घेतलं नाही. तीन माणसांना एका जागी डांबलं की त्यांचे स्वभाव आपोआप बाहेर येतात. नाटकवाल्यांना हे कधीचं माहीत आहे.

त्या काळच्या विनोदी मालिकेला बावीसेक मिनिटं मिळत. अर्ध्या तासाचा वेळ, उरलेल्यात जाहिराती. जाहिरातीला जायच्या आधी काहीतरी अडकवून ठेवावं लागे, नाहीतर माणूस वाहिनी बदलणार. त्यामुळे भागाचे आपोआप अंक पडत आणि प्रत्येक अंकाच्या टोकाला गाठ मारलेली असे. जाहिरातींना आपण खूप नावं ठेवली, मीही ठेवली. पण त्या बंधनाने लेखकांना शिस्त लावली हे नाकारता येत नाही. 'अ‍ॅबट एलिमेंटरी' आजही त्या शिस्तीत चालते. सरकारी शाळेतल्या शिक्षकांची मालिका, दर आठवड्याला एक भाग, दुसऱ्या पर्वात पूर्ण बावीस. प्रत्येक भागात एक छोटी अडचण उभी राहते आणि निदान अर्धी सुटते. ताई म्हणते, दिवसभर डोकं पिकल्यावर तिला हे अर्धं सुटणंच हवं असतं.

उलट दिशेची सुरुवातही तारखेनिशी सांगता येते. १ फेब्रुवारी २०१३ रोजी 'हाऊस ऑफ कार्ड्स'चे तेरा भाग एकदम उपलब्ध झाले. मी तेव्हा खूश झालो होतो. आता वाट बघायला नको! पण प्रेक्षक पुढचा भाग लगेच बघणार हे एकदा गृहीत धरलं की या भागाला शेवट द्यायची गरज उरत नाही. मग मुलाखतींतून ऐकू यायला लागलं की आमची मालिका म्हणजे खरं तर दहा तासांचा एक सिनेमा आहे. हे वाक्य अभिमानाने म्हटलं जातं. मला ते ऐकलं की धास्ती वाटते. दहा तासांचा सिनेमा म्हणजे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या भागात माणसं गाड्यांतून इकडून तिकडे जाणार, आणि जे डोळ्यांना दिसतंच आहे ते एकमेकांना तोंडाने सांगणार. कथेत पाणी घालून ती वाढवलेली असते. त्यातला पाचवा भाग कशावर होता असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. माझ्यासाठी ही सोपी चाचणी झाली आहे. आठवड्यानंतर एखादा भाग 'तो अमुकचा भाग' म्हणून एका शब्दात आठवला पाहिजे. जांभईचा भाग. टेबलाचा भाग. काट्यांचा भाग.

काट्यांचा म्हणजे 'द बेअर' या रेस्टॉरंटवाल्यांच्या मालिकेच्या दुसऱ्या पर्वातला सातवा. रिची हा पंचेचाळिशीचा, तोंडाळ, सगळ्यांवर खेकसणारा माणूस. त्याला एका नामांकित रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर शिकायला पाठवलंय, आणि काम दिलंय जेवणाचे काटे पुसायचं. रोज, तासन्‌तास. काट्यावर डाग, रेघ, बोटाचा ठसा राहता कामा नये. पहिल्या दिवशी त्याला हा अपमान वाटतो. दिग्दर्शक दर सकाळी त्याच्या उशाचं गजराचं घड्याळ दाखवतो, आणि दर सकाळी रिची त्या घड्याळाकडे थोडा वेगळा बघतो. शेवटाकडे तो पहाटे स्वयंपाकघरात जातो, तर तिथली सर्वांत मोठी शेफ एकटी बसून मशरूम सोलत असते. तिच्या भूमिकेत ऑलिव्हिया कोलमन. हे काम तिला करायची गरज नाही. तोही एक मशरूम उचलतो आणि तिच्याशेजारी सोलायला लागतो. वडिलांबद्दल थोडं बोलणं होतं. बस. या भागात कुणी मरत नाही, कुणी रडत नाही, कसलं रहस्य उलगडत नाही. एक माणूस काम नीट करायला शिकतो, आणि ते बघताना माझ्या घशात आवंढा आला होता.

त्याच्या आदला भाग अगदी उलटा. तासाहून मोठा, एका कुटुंबाच्या सणाच्या जेवणाचा, सगळे एकमेकांवर ओरडताहेत आणि कोपऱ्यात कुठलंतरी घड्याळ सतत वाजतंय. पुष्कळ लोक त्याला त्या पर्वातला सर्वांत श्रेष्ठ भाग म्हणतात. मला तो दमवतो. त्याची ताकद मला कळते, पण काटे पुसणाऱ्या रिचीने जे अर्ध्या तासात, हळू आवाजात केलं ते तिथे तासभर ओरडून होत नाही असं माझं मत आहे. ताईला हे अजिबात पटत नाही. आधीचा भाग नसता तर रिचीच्या शांततेची किंमतच कळली नसती, असं तिचं म्हणणं. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.

तिचा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. 'द बेअर' विनोदी मालिका म्हणून पुरस्कार घेते. सप्टेंबर २०२४ च्या एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्कारांत तिला विनोदी गटात अकरा मिळाले, एका वर्षात एका विनोदी मालिकेला मिळालेले तोवरचे सर्वाधिक. तरी सर्वोत्तम विनोदी मालिकेचा पुरस्कार त्या रात्री 'हॅक्स'ला गेला. आमच्या घरात, म्हणजे फोनवर, जल्लोष झाला. ताईचं म्हणणं असं की भाग अर्ध्या तासाचा असला म्हणून तो विनोदी होत नाही. विनोद लिहिणाऱ्यांची मेहनत वेगळी आहे आणि तिला तिची जागा मिळाली पाहिजे. पुढच्या वर्षी 'द स्टुडिओ'ने तेरा मिळवून तो विक्रम मोडला तेव्हा तिचं समाधान झालं.

तसं हसणं आणि रडणं वेगळं करायचा खटाटोप जुनाच आहे. 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची मालिका १९७२ ते १९८३ चालली. वाहिनीचा आग्रह होता की ध्वनिमुद्रित हशा घालायचाच. निर्मात्यांनी एक सूट मिळवली, शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा वाजणार नाही. १८ मार्च १९७५ च्या भागात हेन्री ब्लेक हा सर्वांचा लाडका अधिकारी घरी जायला निघतो. निरोप, थट्टामस्करी, सगळं नेहमीसारखं. शेवटी रडार हा कारकून शस्त्रक्रियेच्या खोलीत येऊन तार वाचतो. हेन्रीचं विमान पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. संहितेचं हे पान बहुतेक नटांना शेवटपर्यंत दिलेलंच नव्हतं. तोंडावर मास्क असल्याने फक्त डोळे दिसतात. कुणाच्या तरी हातून एक उपकरण पडल्याचा आवाज येतो. डॉक्टर टाके घालत राहतात. हशा वाजायचा नाही अशी एक जागा त्यांनी कष्टाने राखून ठेवली होती, आणि तिचा उपयोग असा केला.

मृत्यूचा विषय निघाला तर 'सक्सेशन'च्या, म्हणजे अब्जाधीश बापाच्या गादीवरून भांडणाऱ्या मुलांच्या मालिकेच्या, त्या भागाला टाळून पुढे जाता येत नाही. चौथं, शेवटचं पर्व, तिसराच भाग, ९ एप्रिल २०२३. मोठ्या मुलाचं लग्न बोटीवर आहे आणि बाप त्याच वेळी विमानातून दुसरीकडे चाललाय. बापाच्या मरणावर अख्खी मालिका उभी, तेव्हा ते शेवटच्या भागात येणार असं सगळ्यांनी धरलेलं. पण लेखक जेसी आर्मस्ट्राँगने ते तिसऱ्याच भागात, तेही फोनवर आणलं. विमानातून जावई बोलतोय. बाप पडलाय, छाती दाबताहेत, मी फोन त्यांच्या कानाशी धरतो, तुम्ही बोला. आणि ही मुलं, ज्यांनी तीन पर्वं एकमेकांना शब्दांनी सोलून काढलं, त्यांना आता शब्द सापडत नाहीत. धाकट्याने थोड्याच वेळापूर्वी बापाच्या फोनवर एक कडवट निरोप सोडलेला. तो ऐकून तर झालं नसेल ना, ही भीती त्याच्या डोळ्यांत दिसते. मधला म्हणतो की क्षमा करता येत नाही, पण प्रेम आहे. बहिणीला शोधून आणावं लागतं. ती येते तोवर पलीकडे ऐकणारा आहे की नाही हेही नक्की नसतं.

दिग्दर्शक मार्क मायलॉडने हा जवळजवळ अर्ध्या तासाचा प्रसंग नटांकडून सलग करून घेतला. ही मालिका फिल्मवर चित्रित होत असे आणि एका रिळात दहाएक मिनिटांचं चित्रण मावतं. त्यामुळे एका कॅमेऱ्याचं रीळ बदलताना दुसरा चालू राहील अशी रचना करावी लागली. पडद्यावर जे दिसतं ते कापून जोडलेलंच आहे, पण नट त्यातून बाहेर पडलेले नव्हते. फोन या हातातून त्या हातात जातो तेव्हा त्यांची बोटं चुकतात, ती चूक अभिनयाची वाटत नाही.

त्या भागानंतर एक आठवडा मिळाला हे माझं भाग्य. ही मालिका दर रविवारी एक भाग अशी यायची. ते सात दिवस आम्ही दोघं रोज बोललो, कधी दोन मिनिटं, कधी तासभर. तो भाग दुसऱ्या दिवशी चौथ्या भागाने झाकला असता तर त्यातली अर्धी माया गेली असती. वाट बघायला लावण्यातही प्रमाण हवं, हे खरं. 'सेव्हरन्स'चं पहिलं पर्व एप्रिल २०२२ मध्ये ऐन खिंडीत सोडून संपलं आणि दुसरं थेट जानेवारी २०२५ मध्ये आलं. इतक्या काळात माणसं विसरायला होतात, धागा तुटतो. आठवडा वेगळा आणि पावणेतीन वर्षं वेगळी.

आता जे सांगायचंय ते 'अ‍ॅडोलसन्स'च्या दोन महिने आधीचं, जानेवारी २०२५ मधलं. मुद्दाम मागे ठेवलं होतं.

'द पिट' ही इस्पितळाच्या तातडीच्या विभागाची मालिका. पंधरा भाग, एका पाळीचे पंधरा तास. सकाळी सातला पहिला भाग सुरू होतो, आणि प्रत्येक भाग म्हणजे पुढचा एक तास. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही, त्यामुळे आता रडायचं की घाबरायचं हे कुणी सांगत नाही. यंत्रांचे आवाज, स्ट्रेचरची चाकं, एकमेकांत मिसळलेलं बोलणं. दर आठवड्याला एक भाग. त्या वर्षीचा सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी तिला मिळाला आणि मला तो अगदी योग्य वाटतो. पण माझं कारण वेगळं आहे.

पहिल्याच भागांत एक म्हातारे गृहस्थ येतात. त्यांनी आधीच लिहून ठेवलंय की मला कृत्रिम श्वासावर ठेवू नका. सोबत मुलगा आणि मुलगी. मुलीला ते पटत नाही, ती म्हणते करा, जे करता येईल ते करा. मुलगा त्या कागदाकडे बोट दाखवतो. नळी घातली जाते. पुढे तासातासाने, म्हणजे आपल्या आठवड्याआठवड्याने, हे दोघं त्या खोलीत बसलेले दिसतात. बाकीच्या गर्दीत कॅमेरा मधूनच त्यांच्याकडे येतो आणि जातो. चौथ्या भागात नळी काढलेली आहे. नोआ वायलीचा डॉक्टर रॉबी त्यांना सांगतो की जाणाऱ्या माणसाशी बोलायला चार गोष्टी पुरतात. माझं तुमच्यावर प्रेम आहे. तुमचे आभार. मी तुम्हाला क्षमा केली. तुम्ही मला क्षमा करा. मग ती दोघं, आपापल्या परीने, अडखळत, ते बोलतात.

आमच्या बाबांच्या वेळी आम्ही दोघं अशाच एका खोलीबाहेर उभे होतो. ताईचं म्हणणं होतं की सगळं करायचं. माझं होतं की आता पुरे. त्या दिवशी आम्ही एकमेकांना जे बोललो ते त्यानंतर कधी काढलं नाही, तिनेही नाही आणि मीही नाही. नऊ वर्षं आम्ही मालिकांवर बोलत होतो.

त्या भागानंतर तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी रात्री आला. "बघितलास?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग ती त्या मुलीबद्दल बोलायला लागली, पडद्यावरच्या. तिने खुर्ची कशी पलंगाला चिकटवून घेतली होती, भाऊ बोलत असताना ती त्याच्याकडे न बघता कशी वडिलांच्या हाताकडे बघत होती. बराच वेळ बोलली. मग जरा थांबली.

"ती चुकली नव्हती रे," ताई म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "तीही नाही आणि तो भाऊही नाही."

तिकडून काही आवाज आला नाही. फोन कुणीच ठेवला नाही. पाचवा भाग यायला अजून पाच दिवस होते.